आरव्ही-७ विमानातला लेफ्ट-राइट इंधन सिलेक्टर काढून टाकावा का?

पंखवाला: गेली दोन वर्षं गॅरेजमध्ये आरव्ही-७ हे किटचं छोटं विमान बांधतोय. पंखांतल्या इंधनाच्या टाक्या झाल्या, सांधे बुजवायचं काळं प्रोसील अजून नखांतून गेलेलं नाही. व्हेंटला (टाकीच्या हवेच्या नळीला) फुगा लावून, जोडांवर साबणाचं पाणी फासून लीक टेस्ट केली, एका रिवेटपाशी बुडबुडे आले तो परत सील केला. आता कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हपाशी, म्हणजे सिलेक्टरपाशी अडलोय. प्लॅनमध्ये लेफ्ट, राइट, ऑफ एवढंच आहे, बोथ (दोन्ही टाक्या एकदम) नाही. दोन्ही पंखांत ८०-८० लिटर, म्हणजे सारखी टाकी बदलत राहायची, आणि एकदा विसरलो की शेजारची टाकी भरलेली असूनही इंजिन बंद. माझं ठाम मत आहे की सीटखाली छोटी हेडर टाकी घालावी, दोन्हीकडचं इंधन तिच्यात यावं आणि पायलटच्या हातात फक्त चालू-बंद असावं.

स्पॅनर: अजिबात पटलं नाही. सेस्ना विमानात पंख वर असतात, इंधन आपल्या वजनाने खाली येतं म्हणून तिथे बोथ चालतं. तुझे पंख खाली आहेत, पंप इंधन ओढतो. दोन ग्लासांत दोन स्ट्रॉ घालून एकदम ओढ, एक ग्लास संपला की तोंडात हवाच येते. हेडर घातलीस तरी टाकीचा तळ आणि सीटखालची जागा जवळजवळ एकाच लेव्हलला, शेवटचे लिटर तिथे येणार कसे? शिवाय एका टाकीत पाणी गेलं तर दुसरी चांगली राहते, ती सोय तू स्वतःच घालवतोयस. आणि क्रॅश झाला तर पेट्रोल तुझ्या मांडीखाली. या डिझाइनची हजारो विमानं उडतायत रे.

कॅनार्डताई: दोघंही व्हॉल्व्ह कसा हवा यावर भांडताय, तो कुठे हवा हे कोणी बोलतच नाहीये. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ लाँग-ईझी हे घरी बांधलेलं छोटं विमान घेऊन समुद्रात पडला, त्यातच गेला. डिझाइनर रुटानच्या प्लॅनमध्ये सिलेक्टर पायलटच्या पायांमध्ये होता, बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. टाकी बदलायची तर पट्ट्यात अडकून मागे वळायचं, आणि वळताना उजवा पाय रडरच्या पेडलवर दाबला जाऊन विमान वळायचं. इंधनाचे गेजही मागेच, त्यांवर खुणा नाहीत. उडण्याआधी हँडल लांब करायला डेन्व्हर आणि एका मेकॅनिकने पक्कडही लावून बघितली, जमलं नाही. इंधन कमी होतं तरी भरलं नाही. तेव्हा आधी सीटवर बस, पट्टा आवळ, डोळे मिट आणि हात कुठे जातो ते बघ, व्हॉल्व्ह तिथेच.

पंखवाला: ताई, जागेचं शंभर टक्के मान्य. पण हात पोचला तरी डोकं विसरतंच की, ५०० फुटांवर कोणाला आठवणार?

स्पॅनर: म्हणून तर टेकऑफ आणि लँडिंग जास्त भरलेल्या टाकीवर करायचं, खाली आल्यावर बदलायचंच नाही. काहीही ठेव, पण फ्लो मोजल्याशिवाय उडू नकोस. नाक चढाईच्या कोनात ठेव, कार्ब्युरेटरचा पाइप सोड, पंप चालू करून बादलीत इंधन घे. फुल पॉवरला लागतं त्याच्या सव्वापट आलंच पाहिजे. १८० एचपी इंजिन तेव्हा तासाला साधारण ६० लिटर पितं, म्हणजे मिनिटाला एक, सव्वापट धरून सव्वा लिटर. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं मोज, टाकी जवळजवळ रिकामी असताना.

पंखवाला: व्हॉल्व्ह बसला की मोजून दोन्हीकडचे आकडे टाकतो. हेडरचं माझं मत मात्र अजून तेच आहे.