एमआरआय नंतर करा, आधी तपासणीच्या टेबलावर झोपा
कंबर धरली की देवगडहून थेट कोल्हापूर गाठून एमआरआय करा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर मात्र रात्रीच गाडी काढा.

एरवी आंब्याच्या पेट्या उचलून कळ पायात उतरली असेल तर आधी नीट तपासून घ्या. उताणं झोपवून, गुडघा न वाकवता दुखरा पाय उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली गेली तर नस दाबल्याचा संशय. बरा पाय उचलून दुखऱ्या पायात कळ आली तर तो संशय आणखी बळावतो. पायाचा अंगठा वर ओढायला लावणं, टाचांवर-चवड्यांवर चालवणं, घोट्यामागे हातोडी मारून पाऊल झटका देतं का ते पाहणं, हे पाच मिनिटांचं काम. ओपीडीच्या गर्दीत नेमकं हेच राहून जातं, म्हणून चपला काढायला लावणारा डॉक्टर शोधा.