लेकराला जुलाब, ओआरएस पाजलं की उलटी. सलाईनच लावावं लागतं का?

जिंतूरची_आई:
लेकरू १४ महिन्यांचं. कालपासून पातळ संडास, रात्रीतून सात-आठदा तरी झाली असंल. गावात टँकरचं पाणी चालूय अन् गल्लीत अजून दोन घरी हेच, लोकं कॉलरा कॉलरा म्हणतेत. मेडिकलवरून ओआरएसचं मोठं पाकीट आणलं, अर्धं ग्लासात कालवून पाजलं तर भडाभडा उलटी. सासूबाई म्हणतेत पाणी देऊच नको, देशील तेवढं खालून जातं, दूध बी बंद कर. काय करू?

आशाताई_परभणी:
ताई तो ग्लास आधी ओतून द्या. मोठं पाकीट १ लिटरचं असतंय, अर्धं ग्लासात म्हणजे लई खारट, त्यानं जुलाब वाढतेत अन् अंगात मीठ चढतं ते वेगळंच. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी मोजून घ्या, त्यात अख्खं पाकीट, २४ तासांनी उरलं तर फेका. ग्लासानं पाजू नका, वाटी-चमचा घ्या. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटाला एक चमचा. दर संडाशीनंतर ५० ते १०० मिलि. अंगावरचं दूध चालू ठेवा, मऊ खिचडी बी द्या. आणि गल्लीत साथ आहे तर आजच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवा, वाटेत पाजत जा. टाळू बसली, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसती, सहा तास लघवी नाही, लेकरू मलूल पडलंय किंवा तांदळाच्या धुवणासारखं पाणी जातंय, तर थांबू नका, तिथं सलाईन लागू शकतं.

गोदाकाठ:
सासूबाईंना दिसतं ते खोटं नाही, ओआरएसनं जुलाब लगेच बंद होत नाहीत, गेलेलं पाणी-मीठ भरून निघतं. मीठ अन् ग्लुकोज सोबत असलं की आतडं दोन्ही ओढून घेतं अन् पाणी मागं येतं, कॉलऱ्यात बी हा रस्ता चालू राहतो. १९७१ ला पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी ड्रमातून वाटलं, पाजणारे नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ च्या खाली आलं.

लातूरी_बाप:
फळाच्या चवीचं टेट्रापॅक घेऊ नका, मी घेतलं होतं, नुसती साखर, पोराचे जुलाब वाढले.

जिंतूरची_आई:
पीएचसीला जाऊन आलो. चमच्यानं पाजलं, वाटेत एकदाच उलटी, दुपारी लघवी बी केली. त्यांनी झिंकच्या गोळ्या दिल्यात, १४ दिवस म्हणले. संडास थांबली तरी द्यायच्या का?

आशाताई_परभणी:
हो, १४ दिवस पुऱ्या करा. रोज २० मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून. अन् त्या दोन घरी बी सांगा, पाकिटं माझ्यासारख्या आशाकडं फुकट असतेत.