सासऱ्यांना दमा आहे, घराला कुठला रंग लावू? चुना, शेणाचा रंग की लो व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला)?

लालबागची_वहिनी:
नमस्कार मंडळी. लालबागला जुन्या इमारतीत दोन खोल्या आहेत, सासऱ्यांना दमा आहे आणि घरात लहान बाळ पण आहे. गणपतीच्या आधी रंगकाम काढायचं म्हणतोय. मागच्या वेळी दारं-खिडक्यांना ऑइल पेंट मारला तेव्हा सासऱ्यांना रात्र रात्र बसून काढावी लागली होती, म्हणून यावेळी नैसर्गिक काहीतरी हवंय. पेंटर म्हणतो सगळे रंग सारखेच. मागच्या भिंतीला खाली पोपडे पण धरलेत. काय करू?

ठाण्याचा_सिव्हिलवाला:
ताई आधी ते पोपडे बघा, रंग नंतर. ओल बाहेरच्या चिरेतून येतेय की वरच्यांच्या मोरीतून हे कळल्याशिवाय कुठलाही रंग लावलात तरी पुढच्या पावसात परत फुगणार आणि मागे बुरशी वाढणार, आणि दम्याच्या माणसाला बुरशी रंगाच्या वासाइतकीच बाधते. आणि गणपतीच्या आधी म्हणजे भर पावसात, भिंत सुकतच नाही हो तेव्हा. खिडक्या बंद म्हणजे वासही घरातच. शक्य असेल तर दसऱ्यानंतर काढा.
पेंटरचं म्हणणं चूक आहे. ऑइल पेंट पातळ करायला टर्पेंटाइन घालतात, त्याचा वाफारा म्हणजेच तो त्रास. पाण्याच्या इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या पाण्यावरच्या रंगात, हा वाफारा खूप कमी असतो. दाराला, ग्रिलला पाण्यावरचं इनॅमल मिळतं, तेच मागा. डब्यावर व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं, ग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहिलेलं बघा, 50 च्या खाली असेल तर उत्तम. फक्त मशीनवर गडद शेड बनवताना जो स्टेनर (रंगद्रव) घालतात त्याने तो आकडा वाढू शकतो, म्हणून फिक्या शेड घ्या.

दापोलीकर:
आमच्या गावच्या घराला अजून चुनाच. चुनकळी पाण्यात विरवायची, गाळायची, थोडा डिंक नि नीळ घालून पातळ हात द्यायचे, एक सुकला की दुसरा. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून परत चुनखडी होतो. वर तो अल्कधर्मी असतो म्हणून बुरशी सहज धरत नाही, आणि भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. पण ताई, तुमच्या भिंतीला आधीचं प्लास्टिक पेंट असेल तर त्यावर चुना धरणारच नाही, सगळं खरवडून प्लास्टरपर्यंत जावं लागेल. आणि कपड्यांना पांढरं लागतं, बाळ भिंतीला धरून उभं राहतं तिथे नको. विरवताना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून ते काम घरात करूच नका.

मुलुंड_पूर्व:
शेणाचा म्हणजे खादीचा प्राकृतिक पेंट, तो जानेवारी 2021 मध्ये बाजारात आला, जयपूरच्या कुमारप्पा हातकागद संस्थेत तयार केलेला. डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही येतं. आमच्या हॉलला लावलाय, शेणाचा वास अजिबात नाही, पण शेड कमी मिळतात. एक सांगते, नैसर्गिक म्हटलं की बिनवासाचं असं नसतं. पाइनच्या राळेपासून काढलेलं टर्पेंटाइन नैसर्गिकच आहे, आणि जवसाच्या तेलाचे रंग सुकताना वास सोडतातच. म्हणून नाव न बघता डब्यात काय आहे ते विचारा.

लालबागची_वहिनी:
खूप आभार सगळ्यांचे! दारांवर बरेच जुने थर आहेत, पेंटर म्हणतो कोरडं घासून काढू. चालेल का?

ठाण्याचा_सिव्हिलवाला:
नाही नाही, कोरडं अजिबात नको! आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये बरंच असू शकतं, नि ती धूळ बाळाच्या तोंडात जाते. थर घट्ट असेल तर न खरवडता वरून पाण्याच्या पॉलिश पेपरने हलकं ओलं घासा आणि प्रायमर मारा. त्या दिवशी बाळ आणि सासरे दुसरीकडे, खाली प्लास्टिक अंथरा, नंतर फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या.