सी भाषेतल्या प्रोग्रॅममधून ड्राइव्ह-डिरेक्टरी (फोल्डर) बदलायचे तुमचे किस्से

ओझरकर: भाच्याच्या कॉलेजात अजून टर्बो सीच आहे, तो डॉसच्या जमान्यातला सी चा कंपायलर, काल त्याच्या लॅपटॉपवर ती निळी स्क्रीन बघितली नि सातपूरचा क्लास आठवला. सरांनी सांगितलेलं, डी ड्राइव्हच्या मार्क्स फोल्डरमधली फाइल उघडा. अख्ख्या बॅचने सीएचडिरला, म्हणजे डिरेक्टरी बदलायच्या फंक्शनला, डी चा पाथ दिला, परत शून्य आलं म्हणजे काम फत्ते, तरी फाइल सापडेना. गेटसीडब्ल्यूडी, म्हणजे आपण कुठे आहोत ते, छापलं तर अजून सी ड्राइव्हवरच! डॉसमध्ये दर ड्राइव्हची चालू डिरेक्टरी वेगळी, सीएचडिर फक्त डी ची बदलतं, ड्राइव्हसाठी सेटडिस्क(३) वेगळं लागतं, ए म्हणजे ०. सरांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं, गालात हसत होते. येऊ द्या तुमचेही.

पंचवटीचा पक्या: बॅकस्लॅश विसरलात राव. आमच्या पार्टनरने फोल्डरला नाशिक नाव दिलं, इंग्रजी स्मॉल एन ने, आणि पाथमध्ये बॅकस्लॅश एकच, सी मध्ये दोन लागतात. बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ, स्क्रीनवर वर डी कोलन आणि खाली आशिक 😂 कॉलेज संपेपर्यंत त्याला आशिकच म्हणायचो

द्राक्षवाली: 😂😂 मजूर आलेत, नंतर लिहिते

सिडकोतला: अंबडच्या एका कंपनीत डॉसवरचा टर्बोचा कोड मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर न्यायचा होता, तिथलं ड्राइव्ह बदलायचं सीएचड्राइव्ह फंक्शन १ पासून मोजतं, ए म्हणजे १. नव्या पोराने सेटडिस्कचा २ तसाच ठेवला, म्हणजे सी ऐवजी बी, आणि एकच फ्लॉपी असलेलं मशीन बी ची फ्लॉपी घाला म्हणत बसलं, साहेब खरंच फ्लॉपी शोधायला स्टोअरला गेले

पक्या: साहेब 🙏

मनीषाताई: मुलगा विचारतो, आई, लिनक्सवर सीएचडिर चाललं पण प्रोग्रॅम संपल्यावर टर्मिनल जागच्या जागी. बाळा, तिथे डिरेक्टरी ज्या त्या प्रोसेसची. डॉसमध्ये उलट, प्रोग्रॅम गेला तरी बदललेलं तसंच राहायचं, म्हणून आम्हाला सुरुवातीला गेटडिस्क नि गेटसीडब्ल्यूडीने चालू ड्राइव्ह-डिरेक्टरी टिपून घेऊन शेवटी होतं तिथे परत यायची सवय लावलेली. कुकर झाला, जाते

सिडकोतला: ओझरकर, क्लास तोच का, खाली मिसळवाला होता तो?

ओझरकर: तोच! पापड दुसरा मागितला की कपाळाला आठी. लाइट गेली की सगळे खाली, एफ२ दाबून सेव्ह केलेलं असो नसो

पक्या: रविवारी जमायचं का मिसळीला

सिडकोतला: रविवारी सिन्नरला लग्न आहे

द्राक्षवाली: आले. किस्सा राहू दे, आधी सांगा, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनवर डॉस चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, डी ड्राइव्ह दिसतच नाही, पोरीचं सबमिशन उद्या आहे

ओझरकर: ताई, डॉसबॉक्समध्ये टाइप करा: माउंट, स्पेस, डी, स्पेस, फोल्डरचा पाथ. मग सेटडिस्क(३) चालेल. सेटडिस्कची हेडर फाइल, डिर डॉट एच, इन्क्लूड केलीय ना?

द्राक्षवाली: विचारते, झोपलीय