पाळीच्या तारखेआधीच कळतं का दिवस राहिलेत ते?

अबोली_रंग:
मैत्रिणींनो, आम्ही काही महिन्यांपासून चान्स घेतोय. पाळीची तारीख या आठवड्याच्या शेवटी आहे पण मला आत्तापासूनच छाती जड वाटतेय, हात लागला तरी दुखतं, दुपारी डोळे आपोआप मिटतात, काल सकाळी जरा मळमळलं आणि एकदाच फिकट गुलाबी डाग पण दिसला. सगळी लक्षणं जुळतायत असं वाटतं पण छाती तर माझी दर महिन्याला दुखतेच ना! मग फरक कसा ओळखायचा? टेस्ट आत्ता केली तर चालेल का? नवऱ्याला अजून काही बोलले नाहीये, उगाच त्याला आशा लागायला नको.

मनवा:
अबोली, तुझी घालमेल समजते गं. पण खरं सांगते, आत्ता लक्षणांवरून कोणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरांना पण नाही. कारण स्त्रीबीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतंच, दिवस राहिले तरी आणि नाही राहिले तरी, आणि छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं, चिडचिड हे सगळं बरंचसं त्याचंच काम. म्हणजे पाळी येणार असेल तरी शरीर हुबेहूब तसंच वागतं. गर्भ रुजायलाच ओव्ह्युलेशननंतर (म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर) साधारण ६ ते १२ दिवस लागतात आणि रुजल्यावरच एचसीजी (टेस्टमध्ये जे दिसतं ते गरोदरपणाचं हार्मोन) बनायला लागतं, त्याच्या आधी शरीराला पत्ताच नसतो. मळमळ तर बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते (आठवडे मागच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात हं), म्हणून कालच्या मळमळीवर फार भिस्त ठेवू नकोस. डाग रुजण्याचा असू शकतो, पण पाळीच्या आधी पण काहींना असा डाग दिसतो.

निळी_छत्री:
टेस्टबद्दल: तारीख उलटू दे, मग सकाळच्या पहिल्या लघवीने कर. लवकर केलीस आणि निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ नाही असाच होतो असं नाही, एचसीजी सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत असतं त्यामुळे आज न दिसलेली रेघ दोन-तीन दिवसांनी दिसू शकते. फिकी रेघ दिलेल्या वेळेत आली तर ती पॉझिटिव्हच धरायची, पण किट तासाभराने परत बघू नका, सुकल्यावर पण रेघेसारखं काहीतरी दिसतं आणि जीव टांगणीला लागतो.

पाऊसवाट:
पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर मात्र तारखेचा काही भरवसा नाही. मी रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी टेम्परेचर घ्यायचे, ओव्ह्युलेशननंतर ते जरासं चढतं आणि पाळी आली की उतरतं. १८ दिवसांपेक्षा जास्त चढलेलंच राहिलं तर टेस्ट करायला हरकत नाही. आणि कोणी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेत असेल तर लक्षणं विसराच, त्या गोळ्यांनी पण हे सगळं होतं आणि पाळीही लांबते.

मनवा:
एक महत्त्वाचं राहिलं. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि ओटीपोटात एकाच बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाला दुखलं किंवा रक्त जास्त गेलं, तर इथे विचारत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत राहिला असेल तर जिवावर बेतू शकतं. पाळी चुकलेली असताना असं झालं तरी टेस्ट केलेली नसली म्हणून थांबू नका.

अबोली_रंग:
थँक्यू सगळ्यांना, खूप हलकं वाटलं. तारीख उलटेपर्यंत थांबते. आज डोकं ठणकतंय, नेहमीची पेनकिलर घेऊ का?

निळी_छत्री:
चान्स घेतोयस ना, मग कळेपर्यंत दिवस राहिलेत असं धरूनच चाल. आयबुप्रोफेन टाळ, पॅरासिटामॉल लागलीच तर डॉक्टरांना विचारून घे. आणि फॉलिक अॅसिड सुरू केलंयस का? रोज ४०० मायक्रोग्रॅम, ते टेस्टची वाट बघत थांबवायचं नसतं, कारण बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यावर साधारण २८ दिवसांत बंद होते आणि तोवर बऱ्याच जणींना कळलेलंच नसतं. घरात कोणाला पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असेल, किंवा तुला शुगर वा फिट्सचा त्रास असेल तर डोस जास्त लागतो, तो गायनॅकला विचारूनच ठरव.

अबोली_रंग:
फॉलिक अॅसिड नाही गं सुरू केलं, आजच विचारते डॉक्टरांना.