ओल्ड ट्रॅफर्डवरचे नऊ पराभव : अमोरिम यांची रचना चुकली की संघच तोकडा पडला?

डावखुरा (धागाकर्ता)

२५ मे २०२५ रोजी ॲस्टन व्हिलाला २-० ने हरवून मँचेस्टर युनायटेडचा २०२४-२५चा प्रीमियर लीग हंगाम एकदाचा संपला. ३८ सामन्यांत ४२ गुण आणि पंधरावा क्रमांक. १९७३-७४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला होता, त्यानंतर इतक्या खाली आपण कधीच आलो नव्हतो. त्याच आठवड्यात बिल्बाओ येथे युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून ०-१ ने गमावला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपातल्या एकाही स्पर्धेत आपण नसू.

साऱ्या हंगामाचे रडगाणे गाण्याची माझी इच्छा नाही. मला फक्त घरच्या मैदानाबद्दल बोलायचे आहे. लीगमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर १९ सामने झाले. त्यांतले ७ जिंकलो, ३ बरोबरीत सुटले आणि ९ हरलो. त्या ९ पैकी ७ सामन्यांत आपल्याला एक गोलसुद्धा करता आला नाही. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम यांनी प्रत्येकी ३-० ने धूळ चारली तेव्हा एरिक टेन हाग प्रशिक्षक होते. उरलेले सात पराभव, म्हणजे नॉटिंगहॅम फॉरेस्ट, बोर्नमथ, न्यूकॅसल, ब्रायटन, क्रिस्टल पॅलेस, वुल्व्ज आणि वेस्ट हॅम, हे नोव्हेंबरात आलेले प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांच्या खात्यावर जमा आहेत. घरच्या १३ लीग सामन्यांत त्यांनी ४ विजय मिळवले. त्या चारांपैकी साउदॅम्प्टन आणि इप्स्विच हे दोन्ही संघ खालच्या श्रेणीत गेले, तर व्हिलाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ मध्यंतरापूर्वीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. साउदॅम्प्टनविरुद्ध तर ऐंशी मिनिटे उलटून गेली तरी आपण एका गोलने पिछाडीवर होतो. आमाद दियालोने अखेरच्या काही मिनिटांत तीन गोल केले म्हणून अब्रू वाचली. निर्भेळ म्हणावा असा विजय एकच, एव्हर्टनवरचा ४-०.

माझ्या मते याचे मूळ ३-४-२-१ या रचनेत (मागे तीन बचावपटू, मध्ये चौघे, त्यांच्यापुढे दोघे आणि टोकाला एक आघाडीवीर) आहे. पाहुणा संघ एकच आघाडीवीर पुढे ठेवून बाकीच्यांना चेंडूमागे उभा करतो, तेव्हा आपले तीन मध्य-बचावपटू त्या एकट्यावर पहारा देत बसतात आणि पुढे माणसे कमी पडतात. मैदानाची रुंदी वापरण्याची सगळी जबाबदारी विंग-बॅकवर, म्हणजे दोन्ही कडांना बचाव आणि चढाई दोन्ही करणाऱ्या खेळाडूंवर येते. दालो चेंडू घेऊन कोपऱ्यापर्यंत जातो, समोर दोघे उभे दिसतात, तो चेंडू मागे देतो, मग तो मध्य-बचावपटू मग्वायरमार्गे दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथेही हेच घडते. वुल्व्जविरुद्धचा सामना ज्यांनी पूर्ण पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते वेगळे सांगायला नको.

वुल्व्जच्याच मातेउस कुन्याला घेण्याची बोलणी शेवटच्या टप्प्यात असल्याच्या बातम्या हंगाम संपताना आल्या. माझे म्हणणे एवढेच, की ही रचना घरच्या मैदानावर चालते हे सिद्ध होईपर्यंत क्लबने केवळ तिच्या सोयीची खरेदी करू नये. अमोरिम चार बचावपटूंची फळी लावायला तयार असतील तर त्यांनी राहावे. तयार नसतील तर आताच निरोप घेतलेला बरा, कारण वर्षभराने नव्या प्रशिक्षकाला पुन्हा तीन मध्य-बचावपटूंसाठी जमवलेला संघ वारशाने मिळेल.

मध्यरेषा

आपली आकडेवारी बरोबर आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. हीच रचना घेऊन अमोरिम यांच्या आधीच्या क्लबने, लिस्बनच्या स्पोर्टिंगने, २०२३-२४ मध्ये पोर्तुगीज लीगचे घरचे सतराच्या सतरा सामने जिंकले होते. तिथे लिस्बनला येणारा जवळपास प्रत्येक संघ स्वतःच्या गोलपुढे गर्दी करूनच खेळत असे. म्हणजे दाट बचाव फोडता न येणे हा या रचनेचा अंगभूत दोष असता, तर तो तिथे आधी दिसला असता. तिथे व्हिक्टर योकेरेस हा आघाडीवीर होता आणि त्याने त्या हंगामात लीगमध्ये २९ गोल केले. आपल्याकडच्या आघाडीवीरांत हॉइलुंडचे लीगमधले गोल ४ आणि झिर्क्झीचे ३. पॅलेसविरुद्ध हे दोघेही राखीव बाकावर बसले होते आणि आघाडीला कोबी मेनू खेळत होता, जो मूळचा मध्यरक्षक आहे. अशा अवस्थेत ४-३-३ लावले असते तर गोल कुठून आले असते, हे आपण सांगावे.

दुसरे असे, की सातही पराभव एकाच साच्यात बसवणे योग्य नाही. फॉरेस्टने दुसऱ्या मिनिटाला कॉर्नरवर गोल केला. न्यूकॅसलच्या इसाकने चौथ्या मिनिटाला हेडर मारला, ब्रायटनच्या मिंतेहने पाचव्या मिनिटाला गोल केला. हे संघ मागे दबून बसायला आलेच नव्हते. ते पहिल्या शिट्टीपासून अंगावर आले आणि आघाडी मिळाल्यावर निवांत झाले. ब्रायटनचा पहिला गोल पुन्हा पाहावा. बालेबाने मधूनच एक लांब चेंडू टाकला, मितोमा आपल्या बचावफळीच्या मागे पळाला आणि त्याने समोर आलेल्या मिंतेहला चेंडू आयता दिला. ज्या संघाला आपण तीन बचावपटू ‘जास्त’ झाले म्हणता, त्याच्या पाठीमागे इतके मोकळे रान होते.

राखीव खेळाडू

दोघांनीही एक गोष्ट विचारात घेतलेली नाही, ती म्हणजे वेळापत्रक. आपण ज्या सात पराभवांबद्दल बोलत आहात, त्यांतला प्रत्येक सामना आधीच्या सामन्यानंतर तीन किंवा चार दिवसांतच झाला. वुल्व्जच्या सामन्याआधीचा गुरुवार आठवा. युरोपा लीगमध्ये ल्यॉंविरुद्ध अतिरिक्त वेळेत आपण २-४ ने मागे पडलो होतो, आणि तिथून ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी, १२०व्या मिनिटाला मेनूचा गोल आणि पाठोपाठ मग्वायरचा हेडर अशा क्रमाने सामना ५-४ ने खेचून आणला. रविवारी त्याच गवतावर, संघात बरेच बदल करून, साराबियाच्या एका फ्री किकने आपण ०-१ हरलो. वेस्ट हॅमचेही तेच. गुरुवारी ॲथलेटिक बिल्बाओला ४-१ ने लोळवले आणि रविवारी ०-२.

युरोपा लीगमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सात सामने झाले. त्यांत सहा विजय, एक बरोबरी आणि २१ गोल. लीगमध्ये याच मैदानावर १९ सामन्यांत मिळून २३ गोल. मैदान तेच, प्रेक्षक तेच, अमोरिम आल्यापासून रचनाही तीच. मग दोष रचनेचा कसा म्हणायचा? नोव्हेंबरात हंगामाच्या मध्यावर आलेल्या माणसाला सरावासाठी सलग आठवडा क्वचितच मिळाला.

डावखुरा (धागाकर्ता)

दोघांनाही उत्तर देतो.

राखीव खेळाडू, आपला थकव्याचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, परंतु तो विजयांनाही तितकाच लागू पडतो. एव्हर्टनला ४-० ने हरवले तेही बोडो/ग्लिम्टविरुद्धच्या गुरुवारनंतरच्या रविवारी. व्हिलाविरुद्ध तर बिल्बाओतला अंतिम सामना हरून चारच दिवस झाले होते. साउदॅम्प्टनच्या आधी एफए कपमध्ये आर्सेनलशी १२० मिनिटे आणि वर पेनल्टी शूटआउट खेळून आलो होतो. अपुरी विश्रांती सगळ्याच सामन्यांत असेल, तर जिंकलेले आणि हरलेले सामने वेगळे कशाने झाले, हे तिच्यावरून कळत नाही. युरोपातल्या २१ गोलांचे म्हणाल, तर रेआल सोसिएदाद आणि ल्यॉं या दोघांनीही ओल्ड ट्रॅफर्डवर एक-एक खेळाडू लाल कार्डामुळे गमावला होता. शिवाय बाद फेरीत त्या संघांनाही गोलसाठी पुढे यावे लागते. मोकळी जागा मिळाली की हा संघ खेळतो, हेच तर मी म्हणतो आहे. ती जागा प्रीमियर लीगमधला सातवा किंवा चौदावा संघ आपल्याला देत नाही.

मध्यरेषा, स्पोर्टिंगचा दाखला वजनदार आहे, पण अर्धा आहे. पोर्तुगालमध्ये तीन मोठे क्लब सोडले तर बाकीच्यांकडे पैसा नाही; तिथे पाहुण्या संघाचा बचाव सत्तर मिनिटांनी ढिला पडतोच. इथे बोर्नमथसारखा क्लबही सेमेन्यो आणि क्लायव्हर्टसारखे खेळाडू घेऊन येतो आणि तीन गोल करून जातो. आणि ब्रायटनच्या गोलचे वर्णन आपण केलेत ते माझ्याच बाजूचे आहे. विंग-बॅक वर गेल्यावर मागे उरलेल्या जागेत मितोमा पळाला. एकाच रचनेने पुढे माणसे कमी पडतात आणि मागे भगदाड पडते, यापेक्षा वाईट काय असू शकते?

स्ट्रेटफर्डकर

मी कामानिमित्त मँचेस्टरला राहतो आणि तिकीट मिळेल तेव्हा सामन्याला जातो. रचनेबद्दल आपण सारे जाणकार आहात. मला मैदानातल्या वातावरणाबद्दल सांगायचे आहे, कारण घरचे मैदान म्हणजे नुसती रचना नव्हे.

न्यूकॅसलच्या सामन्यात ३३व्या मिनिटाला झिर्क्झीला बाहेर बोलावले, तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बदलाला मिळालेली दाद नव्हती ती. खेळाडूला घालवून दिल्याच्या टाळ्या होत्या. तो मान खाली घालून थेट बोगद्यात गेला. दोन आठवड्यांनी याच मुलाने आर्सेनलविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली. अशा मैदानावर विशीतला खेळाडू ०-१ च्या पिछाडीवर असताना पुढे पास टाकायचे धाडस करील का? तो चेंडू मागेच देईल. डावखुरा ज्याला रचनेचा दोष म्हणतात, त्यातला निम्मा हा भीतीचा आहे, असे मला तिथे बसून वाटते.

पण प्रेक्षकांना तरी कसा दोष द्यावा? हंगाम अर्ध्यावर असताना उरलेल्या तिकिटांचा सरसकट ६६ पाउंड दर लावण्यात आला, लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांची सवलतही काढून घेतली. सहमालक जिम रॅटक्लिफ आल्यापासून शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. जुलैमध्ये टेन हाग यांचा करार वाढवायचा आणि ऑक्टोबरात त्यांनाच काढायचे, डॅन ॲशवर्थ यांना क्रीडा संचालक म्हणून आणायचे आणि पाच महिन्यांत नारळ द्यायचा. मार्चमध्ये आर्सेनलच्या सामन्याआधी काळे कपडे घालून जो मोर्चा निघाला, तो तीन बचावपटूंविरुद्ध नव्हता. आणि त्याच आठवड्यात एक लाख आसनांच्या नव्या मैदानाची चित्रे मोठ्या थाटात दाखवली गेली! आहे त्या मैदानाचे छप्पर आधी गळायचे थांबवा, असे शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, आणि त्यात काही खोटे नव्हते.

मध्यरेषा

स्ट्रेटफर्डकर यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि म्हणूनच मी प्रशिक्षकाला आणखी वेळ द्यावा म्हणतो. आपले गाजलेले माजी प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनाही १९८९-९० मध्ये लीगमध्ये तेराव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. त्या वर्षी एफए कप आला आणि पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे.

डावखुरा (धागाकर्ता)

फर्ग्युसन यांचे नाव येणार हे ठाऊक होते. आपल्याकडे प्रत्येक अपयशी प्रशिक्षकाच्या पदरात ते टाकले जाते. ते नोव्हेंबर १९८६ मध्ये आले तेव्हा संघ एकविसावा होता आणि हंगामाअखेर अकरावा आला. पुढच्या वर्षी दुसरा. सुधारणा आधी दिसली होती, धीर नंतर मागितला गेला. अमोरिम यांनी संघ हाती घेतला तेव्हा तो तेरावा होता आणि हंगामाअखेर पंधरावा आला. टेन हाग यांच्या ९ सामन्यांत ११ गुण, मधल्या काळातले हंगामी प्रशिक्षक व्हान निस्टलरॉय यांच्या दोन सामन्यांत ४, अमोरिम यांच्या २७ सामन्यांत २७. ज्याला काढले त्याची सरासरी जास्त होती.

मालकांबद्दल स्ट्रेटफर्डकर जे लिहितात ते खरे आहे, मात्र ॲथलेटिकविरुद्ध चार गोल झाले त्या रात्रीही मालक हेच होते आणि तिकिटेही स्वस्त नव्हती.

राखीव खेळाडू

सरासरीचा हिशेब लावताना लिव्हरपूल आणि टॉटनहॅमविरुद्धचे घरचे दोन्ही ०-३ टेन हाग यांच्या काळातलेच आहेत, हे विसरू नये. घरच्या चार सामन्यांत त्यांचेही दोन पराभव होते आणि ते चार बचावपटूंच्या रचनेने झाले होते. रचना बदलली, प्रशिक्षक बदलला, हरणे थांबले नाही. कासेमिरो आणि एरिक्सन यांच्याभोवतीची मधली फळी तेवढी कायम राहिली.

मध्यरेषा

नेमके हेच. आता पुढच्या वर्षी युरोप नाही, म्हणजे बहुतेक आठवड्यांत एकच सामना आणि मधले दिवस कॅरिंग्टनच्या सराव मैदानावर सरावाला मोकळे. थकव्याची सबब राहणार नाही आणि अमोरिम यांनाही ती मागता येणार नाही. नाताळपर्यंत घरचे आठ-नऊ सामने होतील. त्यांत आघाडीवीर नवा असेल, विंग-बॅक डोर्गूला इंग्लंडमध्ये येऊन जवळपास वर्ष झाले असेल. तेव्हाही गोल होत नसतील तर डावखुरा यांच्या पहिल्या लेखाखाली मी स्वतः सही करीन.

डावखुरा (धागाकर्ता)

नाताळपर्यंत थांबायला माझी ना नाही, पण मग खरेदीही नाताळपर्यंत दोन्ही रचनांना चालेल अशीच व्हावी. कुन्या चालेल, तो आघाडीवीरामागच्या दोन क्रमांक-दहांपैकी एक म्हणूनही खेळेल आणि ४-२-३-१ मध्ये डावीकडेही. केवळ विंग-बॅक म्हणून उपयोगी पडेल असा आणखी एक खेळाडू मात्र नको.

स्ट्रेटफर्डकर

आणि गोलरक्षक? ब्रायटनच्या तिसऱ्या गोलला ओनानाच्या हातून सुटलेला चेंडू कोणत्या रचनेत बसवायचा, ते अजून कुणीच सांगितलेले नाही.