जुनी लक्झरी एसयूव्ही पाच-दहा वर्षं सांभाळलेल्यांनी अनुभव सांगा

पहिला_गिअर:

नमस्कार मंडळी. १४ वर्षं जुनी एक मोठी लक्झरी एसयूव्ही बघून आलोय. व्ही८ (आठ सिलिंडरचं) पेट्रोल इंजिन, एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या), सहा गिअरचा ऑटोमॅटिक, १,६५,००० किमी. दुसरा मालक विकतोय. चालवून पाहिली तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. दार लावल्यावर आत जी शांतता होते, ती मी कुठल्याच नव्या गाडीत अनुभवलेली नाही.

घरचे म्हणतात, पांढरा हत्ती दारात बांधू नकोस. घ्यावी की नको, यावर मत नकोय मला. ज्यांनी अशी गाडी पाच वर्षांहून जास्त ठेवली आहे त्यांनी फक्त एवढं सांगा, की काय बिघडतं, आणि कोणती गोष्ट आधीच करायला हवी होती असं आज वाटतं? मला ती रोज चालवायची आहे आणि किमान आठ वर्षं ठेवायची आहे.

अजून एक. विकणारा म्हणाला, गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं आहे, बदलावं लागत नाही. हे खरं आहे का?

तिसरी_चावी:

माझ्याकडे येऊन ११ वर्षं झाली. घेतली तेव्हा गाडी ७ वर्षांची होती आणि ९२,००० किमी झाले होते. आज २,७१,००० आहेत. व्ही८, हवेचं सस्पेन्शन, सहा गिअर, म्हणजे तुम्ही बघितलीत त्याच पठडीतली. कंपनीचं नाव घेत नाही. पुढे जे लिहितेय ते या वर्गातल्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत घडतं.

आधी गिअरबॉक्सचं सांगते, कारण तिथेच लोक जास्त फसतात. या काळातल्या कितीतरी महागड्या गाड्यांत झेडएफचा सहा गिअरचा बॉक्स आहे. गाड्यांच्या पुस्तकात 'आयुष्यभराचं तेल' असं छापलेलं असतं. पण तो बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला तेल बदला म्हणते. मी १,१०,००० ला बदललं. निघालेलं तेल काळं होतं आणि खालच्या ट्रेमधल्या चुंबकांवर करडी, मऊ साय धरली होती. ती बोटाने पुसून पाहिली, तेव्हा आयुष्यभर या शब्दाचा अर्थ कळला. तो ट्रे प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्यातच बसवलेला असतो, त्यामुळे अख्खा ट्रेच बदलावा लागतो. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या मधे असताना बघायची असते. जो फिटर तापमान न बघता तेल भरतो त्याच्याकडे हे काम देऊ नका. माझा बॉक्स तेव्हापासून तीनदा तेल पिऊन आजही पहिल्यासारखा गिअर टाकतो.

आता सस्पेन्शन. चौथ्या वर्षी एका सकाळी बाहेर आले तर गाडी पुढून डावीकडे कलली होती. चालू केली, मिनिटभरात उठून सरळ झाली. मी म्हटलं, चालतंय. दुखणं अंगावर काढलं. पाच-सहा महिन्यांत कॉम्प्रेसर, म्हणजे पिशव्यांत हवा भरणारा पंप, गेला. तो नवा टाकला आणि प्रश्न सुटला असं समजून बसले. चौदा महिन्यांनी तो नवा कॉम्प्रेसरही जळाला.

तेव्हा एका जुन्या फिटरने मला शेजारी बसवून दाखवलं. साबणाचं पाणी फवारून त्याने हवेच्या पिशवीला खालच्या बाजूला, जिथे रबराची घडी पडते तिथे, टॉर्च मारला. आधी काही दिसेना. मग घडीच्या आतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. वयोमानाने रबर त्या घडीवरच चिरतं. भोक इतकं बारीक असतं की चालत्या गाडीत काही कळत नाही, पण ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी मरतो. म्हणजे मी दोनदा मेलेला बदलला आणि मारणारा तसाच ठेवला. पुढच्या दोन्ही पिशव्या एकदम बदलल्या, कॉम्प्रेसरचा रिले (त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पण बदलला. त्यानंतर पाच-सहा वर्षं झाली, पुढच्या बाजूने तक्रार नाही. मागच्या दोन मी चिरायची वाट न बघता बदलल्या.

कूलिंगचंही तसंच. टाकी, नळ्यांचे जोड, थर्मोस्टॅटचं घर सगळं प्लास्टिकचं, आणि दहा-बारा वर्षांत ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. एक फुटलं म्हणून एकच बदलू नका. अॅल्युमिनियमचं इंजिन एकदा तापलं की हेड वाकतं, मग ते काम परवडत नाही. पाण्याच्या पंपासकट सगळं एकाच वेळी काढून टाका.

सनरूफ आहे का? चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या खांबांमधून खाली उतरतात. त्या पानकचऱ्याने तुंबल्या की पाणी आत, कार्पेटखाली. माझ्या गाडीची डिकी आपोआप उघडायची, मधेच पार्किंग सेन्सर ओरडायचे. तीन ठिकाणी दाखवलं, प्रत्येकाने वेगळा पार्ट सांगितला. शेवटी मीच सीटखालचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळता येईल इतका ओला, आणि त्यातून जाणाऱ्या वायरच्या जोडावर हिरवा गंज. आता वर्षातून दोनदा नळ्यांतून पातळ लवचीक तार घालून साफ करते.

पैशाचं एकच सांगते. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. आज जी गाडी साध्या नव्या गाडीच्या भावात मिळते तिचा पार्ट अजून त्या जुन्या मोठ्या भावाच्या हिशेबानेच येतो. म्हणून ती विकत घेताना हातात असेल तेवढं सगळं देऊन बसू नका.

तेलकट_हात:

ताई, तुमचं कूलिंगचं सोनं आहे. पण हवेच्या पिशव्यांवर पुनःपुन्हा खर्च का? मी माझ्यात सरळ लोखंडी स्प्रिंग टाकल्या, पाच वर्षं झाली, विषय संपला. फक्त सस्पेन्शनचं मॉड्यूल (ते चालवणारा छोटा कॉम्प्युटर) नीट कोडिंग करून बंद करायला हवं, नाहीतर डॅशवर दिवा कायम पेटलेला राहतो. सामान भरलं की मागून थोडी बसते, एवढंच.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी: प्रत्येक 'उंची बदलणारं' सस्पेन्शन हवेचं नसतं. लेक्सस एलएक्स ४७० सारख्यात तेल आणि नायट्रोजनचे गोळे असतात, तिथे साबणाचा काही उपयोग नाही. गाडी सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर नेऊन टाकीतल्या तेलाची पातळी किती बदलते ते बघतात. फरक जितका कमी, तितके गोळे संपत आले. त्यामुळे आधी आपल्या गाडीत काय आहे ते नक्की करा.

आणि टायर बघा. चारही एकाच मेकचे, एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत दोन नवे, दोन झिजलेले टाकले की परीघ वेगळा होतो आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा ट्रान्स्फर केस विनाकारण झिजत राहतो.

तिसरी_चावी:

दादा, तुमचं बरोबर आहे, फक्त खर्च बघितला तर मीही लोखंडच टाकलं असतं. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. बटण दाबलं की गाडी तिच्यासाठी खाली बसते, ती दाराची मूठ धरून एकटी चढते, मग गाडी उठते. दुसऱ्या गाड्यांत तिला दोघांनी धरून बसवावं लागतं आणि तिला ते अजिबात आवडत नाही. लोखंड टाकलं तर तेच जाईल. त्यासाठी मी पिशव्या बदलत राहीन.

उभी_गाडी:

माझा अनुभव उलट बाजूचा. तीन वर्षांत विकली. गाडी वाईट नव्हती, मी ती महिन्यातून एकदाच काढायचो. उभी राहून बॅटरी उतरायची, आणि व्होल्टेज कमी झालं की या गाड्या एकदम दहा-बारा बिघाड दाखवतात. त्यातले बहुतेक खोटे. मी ते खरे मानून पार्ट बदलत बसलो. कुलूप लावून अर्धा-पाऊण तास थांबलात की सगळी मॉड्यूल झोपायला हवीत आणि वीज ५० मिलीअँपियरच्या आत यायला हवी. मला हे विकल्यावर कळलं. तुम्ही रोज चालवणार आहात, हे फार चांगलं आहे.

पहिला_गिअर:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत जाऊन आलो. टायरवरचे चार आकडे वाचले: पुढच्या दोनवर ३१२१, मागच्यांवर ०८१७. म्हणजे पुढचे २०२१ च्या ३१व्या आठवड्यातले, मागचे २०१७ चे, आणि मेकही वेगळा. गिअरबॉक्सच्या तेलाचं एकही बिल नाही. कूलंटची टाकी मात्र नवी दिसली आणि तिचं बिलही दाखवलं.

सस्पेन्शन हवेचंच आहे. आज रात्री गाडी सपाट जागी लावायला सांगितलंय. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून आलोय, उद्या सकाळी सुरू करायच्या आधी परत मोजणार.

तिसरी_चावी:

चारही चाकांचं मोजा, फक्त पुढचं नको. काही गाड्या उभ्या असतानाही स्वतःला समतल करतात, म्हणजे एक पिशवी गळत असली तरी चारही कोपरे सारखेच खाली आलेले दिसतात. आणि इंजिन गार असतानाच सुरू करा, ते आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना हे बॉनेटवर हात ठेवून बघा. कार्पेट वरून कोरडं लागतं, दाराजवळचा कोपरा उचलून खालच्या फोममध्ये बोटं घाला.